वडिलांचा २००७ सालचा कॉम्पॅक्ट कॅमेरा रोजच्या छायाचित्रणासाठी पुन्हा वापरता येईल का?

मेणवली

नमस्कार. माझ्या वडिलांनी २००७ साली निवृत्तीच्या वेळी घेतलेला कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस हा कॅमेरा गेल्या महिन्यात कपाट आवरताना सापडला. तो ७.१ मेगापिक्सेलचा असून दोन पेन्सिल (एए) सेलवर चालतो. वडील जाऊन आता सहा वर्षे झाली आणि त्यापूर्वीही तीन-चार वर्षे कॅमेरा कोणी हातात घेतला नव्हता. आतले जुने सेल पाझरले होते व स्प्रिंगवर निळसर पांढरा थर जमला होता. तो मी सुक्या कापडाने पुसला, किराणा दुकानातून नवे सेल आणून घातले आणि कॅमेरा सुरू झाला, लेन्सही व्यवस्थित बाहेर आली. मात्र बारा फोटो काढून होताच सेल बदलण्याची सूचना पडद्यावर आली.

आता मुख्य गोष्ट. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आजही रोज सकाळी चुलीवर भाकरी करते. तिचे, तिच्या हातांचे, त्या स्वयंपाकघराचे रोज एक-दोन फोटो वर्षभर काढावेत असे मी ठरवले आहे. मोबाइलवर काढून पाहिले. फोटो स्वच्छ येतात, परंतु आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसट होतात आणि धुराने काळी झालेली भिंत उजळून करडी दिसू लागते. ते आमचे स्वयंपाकघर वाटतच नाही. बाबांच्या कॅमेऱ्यातल्या जुन्या कार्डावर २००९ सालचे काही फोटो मिळाले, त्यांत ती भिंत जशी आहे तशी काळी आहे. म्हणून हाच कॅमेरा वापरावा अशी इच्छा आहे. पण मी घरात काढलेले फोटो एक तर हललेले आले, नाही तर फ्लॅशमुळे पांढरेफटक झाले. हा कॅमेरा एवढ्या कमी उजेडात काम देईल का, त्याला कोणते सेल व कार्ड घालावे, आणि इतक्या जुन्या यंत्रावर वर्षभराचा संकल्प सोपवणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सोल्डर

सेल आणि कार्ड एवढ्यापुरते मी सांगतो. फोटो कसे काढावेत हे दुसरे जाणकार सांगतील.

तुम्ही आणलेले सेल बहुधा घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो तसे साधे असावेत. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर सरकताना आणि फ्लॅश भरताना एकदम मोठा प्रवाह लागतो. त्या क्षणी साध्या सेलचे व्होल्टेज खाली बसते आणि सेलमध्ये शक्ती शिल्लक असूनही कॅमेरा तो संपला असे समजतो. अल्कलाइन सेल त्याहून बरे, पण रोजच्या वापरात तेही महाग पडतात. तुम्ही निकेल मेटल हायड्राइड जातीचे, चार्ज होणारे पेन्सिल सेल घ्या. त्यांच्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्ट लिहिलेले दिसेल, त्याची चिंता करू नका, कारण भार पडल्यावर ते आपले व्होल्टेज टिकवून धरतात आणि कॅमेऱ्याला तेच हवे असते. त्यातही न वापरता ठेवले तरी चार्ज फारसा न गमावणारे सेल मिळतात. एनेलूप हे त्यांतले २००५ पासूनचे नाव आहे. त्यांची क्षमता २००० एमएएचच्या आसपास असते आणि ती पुरेशी आहे. चार सेल घ्या, दोन-दोनच्या जोड्या करून त्यांवर पेनाने अ आणि ब अशी खूण करा आणि एका जोडीतला सेल दुसऱ्या जोडीत कधीही मिसळू नका.

स्प्रिंगवरचा थर सुक्या कापडाने पूर्ण जात नाही. अल्कलाइन सेलमधून पाझरणारे द्रव्य अल्कधर्मी असते, म्हणून त्याला आम्ल लागते. कान साफ करण्याच्या काडीचा कापूस लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करा आणि कॅमेरा उलटा धरून, म्हणजे थेंब आत जाणार नाही अशा रीतीने, पट्टी आणि स्प्रिंग घासा. थोडा फेस येईल. तो टिपून घेतल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दुसऱ्या काडीने पुसा आणि झाकण उघडे ठेवून दिवसभर वाळू द्या. धातूवर डाग राहिलाच तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा. याच्यापुढे मात्र जाऊ नका. कॅमेऱ्याचे स्क्रू काढून आत बघण्याचा मोह होतो, पण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यानंतरही तो बराच काळ टिकतो. माझ्या दुरुस्तीच्या बाकावर शिकाऊ मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

कार्डाचे म्हणाल तर तुमचा कॅमेरा एसडी आणि एसडीएचसी दोन्ही घेतो. एसडीएचसी म्हणजे ४ ते ३२ जीबी. ६४ जीबीचे कार्ड त्याला चालणार नाही, कारण ते एसडीएक्ससी या पुढच्या जातीचे असते आणि ती जात २००९ मध्ये आली. या कॅमेऱ्याचा सर्वांत उत्तम दर्जाचा फोटो साधारण ३ एमबीचा असतो, तेव्हा २ जीबीच्या कार्डावरही सहाशेच्या वर फोटो मावतात. लहान कार्डच घ्या आणि ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. वडिलांचे जुने कार्ड मात्र फॉरमॅट करू नका, त्यावरचे फोटो आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या.

तांबडा दिवा

ताई, मी कोल्हापुरात तीस वर्षे स्टुडिओ चालवला, त्यातली पहिली पंधरा रोलवर. तुमचा प्रश्न वाचून रोलचे दिवस आठवले, कारण तुम्हाला ज्या अडचणी येत आहेत त्या १०० एएसएच्या रोलवर घरातले फोटो काढताना आम्हाला येत होत्या त्याच आहेत आणि त्यांची उत्तरेही तीच आहेत.

आधी तुमच्या कॅमेऱ्याची प्रकृती समजून घ्या. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जेमतेम पावणेसहा मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान, आणि रोलची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असे. एवढ्याशा जागेत सत्तर लाख ठिपके बसवल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला उजेड थोडाच येतो. म्हणून आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता, रोलवरचा एएसए तोच) ८० ते २०० पर्यंत फोटो उत्तम येतो, ४०० ला दाणे दिसू लागतात पण चालतो, आणि ८०० च्या पुढे मी तरी जाणार नाही. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवतो. त्यामुळे वरची चकती पी या खुणेवर आणा आणि आयएसओ हाताने लावा. अंगणात ८०, चुलीपाशी ४००.

दुसरे, घरात झूम करू नका. लेन्स पूर्ण आत असताना तिचे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र, एफ २.६ असते आणि पूर्ण बाहेर काढली की ते एफ ५.५ होते. याचा अर्थ उजेड साडेचार पटींनी कमी होतो. झूम न करता जिथे १/६० सेकंदात फोटो निघाला असता, तिथे झूम करून १/१५ सेकंद लागेल आणि भाकरी थापणारा हात तेवढ्या वेळात कुठल्या कुठे गेलेला असेल. कॅमेऱ्यातली हलण्यावर मात करणारी सोय तुमचा हात हलला तर सावरून घेते, आईचा हात हलला तर तिचा काही उपयोग होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ लोक करतात. तेव्हा आईच्या जवळ जा, पाटावर बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. उभ्याने खाली रोखून काढलेल्या फोटोत माणूस नेहमी लहान दिसतो.

आता फ्लॅशविषयी. चुलीपाशी तो पूर्ण बंद करा. यात केवळ आवडीनिवडीचा भाग नाही. या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून आहे, त्यामुळे त्याचा प्रकाश लेन्ससमोरच्या धुरावर, वाफेवर, उडणाऱ्या पिठावर आपटून सरळ परत लेन्समध्येच येतो. तुमचे फोटो पांढरेफटक झाले ते बव्हंशी यामुळे. पावसात फ्लॅश मारला की थेंबांचे पांढरे गोळे दिसतात, तोच हा प्रकार. आणि धुरातून कौलांमधला कवडसा उतरताना दिसतो, ते दृश्य तर फ्लॅशने मुळातच नाहीसे होते. याउलट भर दुपारी अंगणात, डोक्यावर पदर घेतल्याने चेहरा सावलीत असताना फ्लॅश अवश्य लावा. दोन मीटर अंतरावरून तो डोळ्यांखालची काळी सावली अलगद भरून काढतो. मोबाइलच्या दिव्याला हे जमत नाही, कारण तो मिणमिणता जळत राहतो, तर या फ्लॅशचा सगळा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात पडतो. तो जास्त वाटला तर काचेवर बटर पेपरचा तुकडा चिकटपट्टीने लावा.

तिसरी गोष्ट सवयीची आहे. जुन्या कॅमेऱ्याचे बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत वेळ जातो अशी सर्वांची तक्रार असते. त्यातला बहुतेक वेळ फोकस करण्यात जातो. बटण अर्धे दाबून ठेवले की फोकस आधीच होऊन राहतो आणि मग उरलेले दाबताच फोटो जवळजवळ लगेच निघतो. मेन्यूमध्ये फोकसची चौकट मधोमध ठेवण्याची सोय आहे, ती निवडा, नाही तर कॅमेरा आईऐवजी मागच्या डब्यांवर फोकस करील. तव्याच्या कडेवर किंवा आईच्या बांगड्यांवर चौकट आणून बटण अर्धे दाबा, बोट तिथेच ठेवा आणि वाट पाहा. तव्यावरच्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरतो, ते पाणी सुकते, भाकरी उलटते, मग तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवली जाते आणि टम्म फुगते. हा क्रम तुम्हाला पाठ आहे. कोणता क्षण कधी येणार हे ज्याला ठाऊक आहे त्याला जलद कॅमेऱ्याची गरज फारशी पडत नाही.

काळ्या भिंतीचेही सांगतो. कॅमेऱ्याला वाटते की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असावे, त्यामुळे काळे स्वयंपाकघर दिसले की तो ते उजळायला जातो आणि जाळ पांढरा होऊन बसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, मेन्यूतून उणे दोन तृतीयांश करा. भिंत काळी राहील, जाळ नारिंगी राहील, आणि शटरही थोडे जलद होईल हा वर फायदा.

आठ बाय दहा

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु रंगांविषयी एक गैरसमज सध्या फार पसरला आहे म्हणून लिहितो. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी सेन्सर असल्यामुळे त्यांचे रंग रोलसारखे येतात आणि आजच्या सीमॉस सेन्सरना ते जमत नाही, असे सांगून हे कॅमेरे विकले जात आहेत. सेन्सरची जात फक्त उजेडाचे विजेत रूपांतर कसे होते आणि ती वीज कशी वाचली जाते एवढ्याशी संबंधित आहे. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांमुळे आणि त्याहूनही अधिक, कॅमेऱ्यातला प्रोसेसर जेपीईजी, म्हणजे तयार फोटोची फाइल, बनवताना काय करतो त्यामुळे. मेणवलीताईंनी जो फरक पाहिला तो खरा आहे, मात्र त्याचे कारण निराळे आहे. मोबाइल एका फोटोसाठी अनेक चौकटी घेऊन त्या एकमेकींवर रचतो, सावल्या उचलतो, प्रखर भाग दाबतो आणि त्वचा गुळगुळीत करतो. २००७ च्या कॅमेऱ्याकडे एवढी गणनशक्ती नव्हती, म्हणून त्याने सावलीला सावली राहू दिले.

ज्यांच्या घरी असा कॅमेरा आहे त्यांनी तो जरूर वापरावा. परंतु नव्याने विकत घेऊ पाहणाऱ्यांनी, मग ते मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात घेवोत वा इंटरनेटवरून, स्वतःचे सेल व कार्ड नेऊन तो चालवून पाहावा. विशेषतः २००२ ते २००४ या काळात विकल्या गेलेल्या अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेल्या सीसीडीत दोष असल्याचे २००५ साली जाहीर झाले होते. उष्ण व दमट हवेत सेन्सरच्या आतील सूक्ष्म तारांचे जोड निखळत आणि चित्र काळे, जांभळे किंवा रेघांनी भरलेले दिसे. पडद्यावरचा मेन्यू नीट दिसतो पण चित्र जांभळे दिसते, असे असेल तर दोष सेन्सरमध्ये आहे असे समजून कॅमेरा परत करावा.

ताईंच्या कॅमेऱ्यासाठी सीएचडीके नावाची एक मोफत प्रणाली आहे. ती कार्डावरूनच चालते, कॅमेऱ्यात कायमचा बदल करीत नाही आणि तिच्यामुळे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला, फोटो साठवता येतो. संगणकावर स्वतः फोटो घडवण्याची आवड असेल तर तिचा विचार करावा.

तांबडा दिवा

रंगांबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. रॉ मात्र ताईंनी तूर्त बाजूला ठेवावे असे मला वाटते. रोज संध्याकाळी संगणकापुढे बसावे लागले तर दोन महिन्यांत हा उपक्रम थांबेल. त्याऐवजी व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या उजेडात पांढरे कशाला म्हणायचे ही नोंद, हाताने लावायला शिका. चुलीचा जाळ आणि ट्यूबलाइट एकत्र आले की कोणताही कॅमेरा गोंधळतो. सकाळी ट्यूबलाइट बंद करून खिडकीजवळ कोरा कागद धरा आणि त्यावरून कॅमेऱ्याला पांढरा रंग दाखवा. ती नोंद तुम्ही बदलेपर्यंत राहते.

आडिवरे

आम्ही राजापूर तालुक्यातले, त्यामुळे बुरशीचा अनुभव दांडगा आहे. तुमच्या मेणवली-वाईकडचा पाऊस कोकणाएवढा नसला तरी आषाढ-श्रावणात कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. दोन्ही ओल धरून ठेवतात. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि त्यात ओल शोषून रंग बदलणारे सिलिका जेल पुरचुंडी बांधून ठेवा. रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर गरम करा, पुन्हा वापरता येते. ती कढई मात्र पुढे स्वयंपाकाला घेऊ नका. लेन्समध्ये बुरशी आहे का ते पाहण्यासाठी अंधारात विजेरी तिरकी धरून लेन्सच्या आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आणखी एक, पीठ आणि राख. लेन्सच्या नळ्या एकमेकींत सरकतात, त्यांच्या फटीत कण गेला की लेन्स मध्येच अडकते. काम झाले की कॅमेरा लगेच बंद करून पिशवीत घालावा, परातीच्या कडेला उघडा ठेवू नये.

मेणवली

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून, करून पाहून लिहीत आहे.

लिंबाच्या रसाने स्प्रिंग स्वच्छ झाली. नवे चार्ज होणारे सेल घातल्यानंतर पहिल्या जोडीवर एकशे ऐंशी फोटो झाले आणि अजून ती संपलेली नाही. विजेरीने लेन्स पाहिली, बुरशी नाही. बाबांच्या कार्डावरचे २१४ फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवले.

आयएसओ ४००, झूम नाही, फ्लॅश बंद, एक्स्पोजर उणे दोन तृतीयांश. पहिल्या चार दिवसांत एकही फोटो मनासारखा आला नाही, कारण मी घाईने बटण पूर्ण दाबत होते. पाचव्या दिवशी आईच्या हिरव्या बांगड्यांवर फोकस धरून बसले. तिने भाकरी तव्यावरून उचलून निखाऱ्याला लावली, पुढे वाकली आणि जाळाचा प्रकाश तिच्या हनुवटीखाली पडला, तेव्हा बोट दाबले. भिंत काळी आली आहे. कपाळावरच्या तिन्ही आठ्या मोजता येतात. मनगटाला चिकटलेले पीठसुद्धा दिसते. मोठा करून पाहिला तर अंधाऱ्या भागात दाणे आहेत, पण मला ते खटकले नाहीत. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "चूल सारवायला झालीय."

दोन अडचणी आहेत. सुरुवातीला तारीख लावायची राहून गेल्यामुळे पहिले बारा फोटो संगणकावर २००७ सालात जाऊन बसले आहेत. आणि गावातल्या लॅबमध्ये ४ बाय ६ चे प्रिंट काढले तेव्हा त्या चांगल्या फोटोत आईच्या डोक्यावरचा पदर वरून कापला गेला.

सोल्डर

फोटोत नोंदलेली वेळ ठरावीक अंतराने पुढे सरकवणारे मोफत प्रोग्राम आहेत. एक्झिफटूल हा त्यांतला सर्वांत विश्वासाचा आहे. बारा फोटोंपैकी एखाद्याची खरी वेळ आठवत असेल तर तिच्यातला आणि नोंदलेल्या वेळेतला फरक काढून तोच बाराही फोटोंना लावावा. आधी प्रत काढून ठेवा. सेल बदलताना तारीख पुन्हा पुन्हा जात असेल तर आतला बटणासारखा लहान सेल संपला आहे. तो काढून दुकानात दाखवा आणि तसाच आणा.

तांबडा दिवा

ताई, पदर कापला गेला तो लॅबवाल्याच्या चुकीने नव्हे. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ३०७२ बाय २३०४ ठिपक्यांचा, म्हणजे चारास तीन या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद तिनास दोन या प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा म्हटला की उंचीचा नववा भाग कापावाच लागतो. लॅबमध्ये फोटो न कापता, दोन्ही बाजूंना पांढरी किनार ठेवून छापायला सांगा. नाही तर ८ बाय १० चा मोठा प्रिंट काढा. तिथे थोडेसेच कापले जाते, तेही लांबीच्या बाजूने, आणि सात मेगापिक्सेल त्या मापाला व्यवस्थित पुरतात. हा फोटो तुम्ही सांगितलात तसा आला असेल तर तो मोठाच काढावा, आणि चूल सारवण्याच्या आधीचा व नंतरचा असे दोन्ही जवळ ठेवावेत.